रोज पहाटे वखारीवरून

नियमित व्यायाम करणाऱ्या माणसांचं मला जन्मभर कौतुक वाटत आलं आहे, पण लांबून. जवळ गेलं की ती आपल्यालाही उठाबशा काढायला लावतात. कॉलेजात असताना आम्ही सगळ्याच मुली दर जूनमध्ये निश्चय करायचो, की यंदा रोज सूर्यनमस्कार घालायचे, रोज फिरायला जायचं, दुपारी लोळायचं नाही. गणपतीपर्यंत निश्चयाला मरगळ यायची आणि दिवाळीच्या फराळात तो पार बुडून जायचा. एकटी वत्सला टिकली. उन्हाळा, पावसाळा, परीक्षा, ताप, काही मध्ये आलं तरी तिचा खंड पडला नाही. मी एकदा तिला विचारलं, "वच्छे, तुला कंटाळा कसा येत नाही गं?" ती दोरीच्या उड्या मारत होती. उड्या न थांबवता म्हणाली, "तुला कुणी टाकलेलं न्हाई, म्हणून तुला झोप लागते."

वत्सला म्हणजे माया करणारी. बारशाला हे नाव ठेवणाऱ्या आत्येला पुढची काय कल्पना! मी इतकी माणसं पाहिली, पण वत्सलेइतका नेटानं, नेमानं आणि आनंदानं सूड उगवणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. आणि आधीच सांगून टाकते, मी तेव्हाही तिच्या बाजूची होते, आजही आहे. झालं गेलं विसरून जावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुढे वाचलं नाही तरी चालेल.

आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत शेजारी-शेजारी राहत होतो. तिचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणत, मालधक्क्यावर कारकून होते. मूळचे ते जवळच्याच कान्हे गावचे, शेतकरी घरातले. थोडं शिकले म्हणून रेल्वेत चिकटले. त्यांना दोन मुली, थोरली वत्सला आणि धाकटी शकू. वत्सला मॅट्रिक झाली आणि भाऊंनी तिचं लग्न गावातच, भांगरवाडीतल्या लाकडाच्या वखारीत करून दिलं. लेक डोळ्यासमोर राहील एवढाच त्यांचा हिशेब होता.

ती तिथं एक पावसाळा टिकली. लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, तिथं श्रावणापर्यंत कोरडं असं घरात काही उरत नाही. वखारीत सुकं लाकूड विकायला आणि ओलं चुलीला, अशी त्या घरची पद्धत. वत्सला त्या धुरात दिवसभर असायची. तिला खोकला लागला. आता, मुंबईचे श्रीमंत लोक छातीच्या दुखण्यावर हवा खायला आमच्याच गावात येत, त्यामुळे आम्हा गावकऱ्यांना हवेचं काही नव्हतं, त्या दुखण्याची मात्र फार धास्ती. तिची सासू, जिला वत्सला तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची, तिनं ही धास्ती बरोबर हेरली. कामशेतच्या एका बड्या भातव्यापाऱ्याची मुलगी तिच्या डोळ्यात भरली होती, आणि जागा रिकामी व्हायला हवी होती. तिनं आळीभर सांगितलं, "पोरीच्या छातीत दुखनं हाय. भरला हंडा बी उचलंना तिला."

आणि एके दिवशी भरबाजारातून टांग्यात घालून वत्सलेला परत पाठवली. नुसती पाठवली असती तरी एक वेळ मी गप्प बसले असते. पण टांग्यात तिच्या शेजारी तिचं ताट, वाटी आणि पेला ठेवला होता, कुणालाही दिसेल असा, उघडा. म्हणजे बघा, हिची भांडीसुद्धा आम्ही घरात ठेवली नाहीत. टांगा मुद्दाम बाजारातून नेला. रेल्वे डॉक्टरनं तिची छाती तपासून "काही नाही, धुराचा खोकला" म्हणून सांगितलं, पण डॉक्टरला विचारायला कोण जातंय? लोकांनी ताट पाहिलं होतं.

त्याचा पहिला फटका शकूला बसला. तिच्यासाठी चालत आलेलं स्थळ आठवड्यात मागे फिरलं, आणि मग दुसरं येईनासंच झालं. क्षयाच्या घरची मुलगी कोण करील? भाऊ संध्याकाळी कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे.

वत्सला आठ-दहा दिवस रडली. मग एका सकाळी तिनं ते ताट राखेनं लख्ख घासलं आणि त्यातच जेवायला बसली. ताटाच्या कडेवर वखारवाल्यांचं नाव कोरलेलं होतं. आई म्हणाली, "अगं, ते टाक तिकडं." वत्सला म्हणाली, "न्हाई. हे लागनार हाय."

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी भाऊंना समजावलं आणि वत्सला माझ्याबरोबर पुण्याच्या कॉलेजात जायला लागली. रेल्वेच्या माणसांच्या मुली म्हणून आम्हाला पास मिळायचा. गाडी विजेवर धावू लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. बायकांच्या डब्यात मी खिडकीशी बसून पेंगायची आणि वत्सला रिकामी बाकं सोडून उभी. टाचा उचल, टाचा टेक, असं तिचं तळेगाव-चिंचवड पार होईपर्यंत चालायचं. हातात तर्कशास्त्राचं पुस्तक. बायका म्हणायच्या, "बस की गं बाई." ती म्हणायची, "बसायची सवय न्हाई लावून घ्यायची."

तिचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. आधी माळ्यावर सूर्यनमस्कार. माळा आमच्या घराला लागून होता, फळ्या वाजायच्या, आमची आई अंथरुणातूनच म्हणायची, "उठली वच्छी." मग दोरीच्या उड्या, आणि मग वळवणच्या धरणाच्या बांधापर्यंत झपझप चालत जाऊन पळत परत. आली की भिजवलेले हरभरे, पेलाभर दूध आणि स्टेशनावरच्या विक्रेत्याकडून आणलेल्या गूळदाणीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीचा, एक खडा. पावसाळ्यात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन निघायची. कपडे वेगळे असे नव्हतेच. नऊवारी घट्ट खोचली की झालं. मला उठवायला माझ्या खिडकीच्या पत्र्यावर खडा मारायची. मी उठले नाही की दुसरा मारायची. तिसरा आमच्या आईला लागला तेव्हापासून मी निमूटपणे तिच्यामागून जाऊ लागले.

चाळीपासून वळवणला जवळची वाट होती, पण वत्सला भांगरवाडीतून वळसा घालून, वखारीवरून जायची. आत्याबाई त्या वेळी ओट्यावर मिश्री लावत बसलेली असायची. वत्सला मान ताठ ठेवून, पदर खोचून, तिच्या समोरून जायची. बोलणं नाही, बघणं नाही. नुसती पावलं वाजवत जायची. पहिले काही दिवस आत्याबाई उठून आत जायची. मग तिनं ओट्यावरून रस्त्यावर पाणी फेकायला सुरुवात केली. वत्सलेनं त्याचाही उपयोग करून घेतला. पाणी दिसलं की ती लांबून धाव घेऊन त्यावरून उडी मारायची. पुढे पुढे तिला त्या पाण्याची इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी रस्ता कोरडा असला तर ती कुरकुरायची, "आज उडी राहिली."

'भरला हंडा उचलंना' हे वाक्य तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. चाळीच्या नळाला मुबलक पाणी होतं. तरी रविवारी ती भांगरवाडीच्या आडावर जायची, हंडा भरायची आणि वखारीसमोरून डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी अशी परत यायची. वखारीत लाकडं फोडणारे गडी हसायचे, मग हसेनासे झाले. त्यातला एक म्हातारा, आबा म्हणत त्याला, एकदा कुऱ्हाड थांबवून म्हणाला, "आक्के, घरला नळ हाय ना गं तुज्या?"

"हाय की."

"मंग?"

"हितलं पानी लय ग्वाड लागतंय आबा."

मला चिडून चिडून डोकं दुखायचं, तिला कधी दुखलेलं मी पाहिलं नाही. ती म्हणायची, "राग पोटात ठेवू नये, दंडात ठेवावा." हे तिचं स्वतःचं वाक्य. दंड मला दाबून पाहायला सांगायची. पहिल्या वर्षी बोटं रुतायची, दुसऱ्या वर्षी माझीच बोटं दुखली.

कॉलेजात मुलींच्या शर्यती झाल्या. वत्सला काठापदराच्या लुगड्यात धावली आणि बाकीच्या मुली अर्ध्या मैदानात असताना दोरीला पोहोचली. बक्षीस द्यायला नाव पुकारलं तर ही जागेवर नाही. मी शोधत गेले तर नळाखाली पाय धूत बसलेली. म्हणाली, "चल, गाडी चुकंल."

"अगं, बक्षीस?"

"आत्याबाईनं बघितलं का? न्हाई ना? मग त्याचं काय करू?"

शेवटी बक्षिसाचा तांब्या मीच घेऊन आले. तो आजही माझ्याकडे आहे.

आता नागपंचमीचं सांगते. त्या दिवशी आमच्याकडे बायका वारुळाला जातात, पूजा करतात आणि मग देवळाच्या मंडपात दुपारभर फेर आणि फुगड्या चालतात. आत्याबाई त्यात पट्टीची. अंगानं भरलेली, तरी पायात भोवरा. भांगरवाडीत तिच्यापुढे फुगडीला कुणी टिकत नसे. जी आधी 'पुरे' म्हणते ती हरली, असा नेम. आणि त्या दिवशी कुणी फुगडीला हात पुढे केला तर नाही म्हणायचं नसतं, मग ती वैरीण का असेना. वत्सला ते धरून होती. ती त्या मंडपात दोन वर्षं गेलीच नव्हती, दंड तयार व्हायची वाट पाहत होती.

त्या वर्षी गेली. मी बरोबर होतेच. आत्याबाईनं ओळीनं तीन-चार बायका दमवल्या होत्या, कामशेतहून आणलेली नवी सून कौतुकानं तिला पदरानं वारा घालत होती. वत्सला सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"हिचा हात कोन धरंल बया!" आत्याबाई म्हणाली. "हिचं दुखनं लागायचं मला."

"हात धुऊन आलेय आत्याबाई," वत्सला म्हणाली. "का दमला तुमी?"

पाठीमागून कुणीतरी हसलं. आत्याबाईला ते हसू सोसलं नाही. तिनं हात दिले, पायाला पाय जुळले आणि दोघी गरगरू लागल्या. सुरुवातीला आत्याबाईच जोर करत होती. मग लुगड्यांचे रंग मिसळले. मग दिसायला लागलं की आता एकीच्या जोरावर दोघी फिरताहेत.

"पुरं," आत्याबाई म्हणाली.

वत्सलेनं हात सोडले नाहीत. फिरता फिरता, जराही धाप न लागता, तिनं विचारलं, "मला काय आजार हाय आत्याबाई?"

"सोड गं! चक्कर आली!"

"आजार सांगा, मंग सोडते."

"न्हाई काय आजार..."

"मोठ्यानं. मागल्या बायांना ऐकू गेलं न्हाई."

"काय बी न्हाई!" आत्याबाई किंचाळली. "काडीचा बी आजार न्हाई तुला! सोड, रांडं!"

वत्सलेनं वेग हळूहळू कमी केला, आत्याबाईला खांबाला टेकवून बसवलं, तिचा पदर सारखा केला आणि भरमंडपात वाकून तिच्या पाया पडली. आत्याबाईला आशीर्वाद द्यायला श्वास नव्हता. आम्ही बाहेर आलो तेव्हा मी इतकी हसले की मला वारुळापाशी खाली बसावं लागलं. वत्सला हसली नाही. नुसती म्हणाली, "आता शकूचं हुईल."

आणि झालंच. ज्या बायकांनी ताट पाहिलं होतं त्यांनीच फुगडी पाहिली होती. माघापर्यंत शकूचं जुन्नरकडच्या एका चांगल्या घरात लग्न झालं. लग्नात वत्सला पंगतीत वाढत फिरत होती आणि भाऊ पहिल्यांदाच लोकांकडे तोंड करून बसले होते.

इथंच संपायला हवं होतं. पण एक गोष्ट आमच्या दोघींच्याही डोक्यात आली नव्हती. मुलीला टाकली ती आजारी म्हणून. आता आजार नाही हे सासूनंच भरगावात सांगितलं. मग आता ती माहेरी कशासाठी? नांदायला का जात नाही? हे लोक विचारू लागले. त्यातच कामशेतची सून आत्याबाईला कंटाळून माहेरी गेली ती आलीच नाही. बापाचं घर भरलेलं, तिला काय पडलीय! वखारीत चुलीपुढे बसायला कुणी उरलं नाही. आणि समोरून रोज पहाटे, रविवारी तर डोक्यावर भरला हंडा घेऊन, एक धडधाकट सून जात होती. इतकी वर्षं आत्याबाईनं तेच पाहिलं होतं. तिला त्यात फुकटचं मनुष्यबळ दिसलं.

निरोप आला. आम्ही न्यायला येतो. भाऊ हरखले. वत्सला बी. ए.च्या वर्गात होती, परीक्षा समोर होती. ती म्हणाली, "मी जायची न्हाई." भाऊ तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी हात जोडले. "पोरी, माझ्या माघारी तुझं कोण? आता तर त्यांनी चूक कबूल केलीय. मी त्यांना या म्हणून सांगितलंय." ज्या व्यायामानं शकूचं घर उभं केलं, त्यानंच वत्सलेला पुन्हा त्या चुलीपाशी नेऊन बसवायचं ठरवलं होतं. त्या रविवारी पहिल्यांदाच मी तिला माळ्यावर नमस्कार न घालता बसलेली पाहिली. गुडघ्यांत डोकं होतं. "वच्छे," मी म्हटलं, "आता?" तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "तुला पोहे येतात ना करता?"

आत्याबाई आली, तिचा भाऊ आला आणि कोपऱ्यात वत्सलेचा नवरा बसला. त्याला वत्सला 'वखारीतलं लाकूड' म्हणायची. त्या दिवशीही तो त्यापेक्षा जास्त काही बोलला नाही. मी आत पोहे परतत होते. वत्सलेनं सगळ्यांना बशांमधून पोहे दिले आणि आत्याबाईला ताटात. मान म्हणून असेल असं भाऊंना वाटलं. आत्याबाई पोहे चांगले झालेत म्हणाली. निम्मे पोहे संपले, ताटाचा काठ मोकळा झाला. वत्सला समोर बसली आणि खोकली. एकदा. मग पदर तोंडाला लावून पुन्हा एकदा, खोलवर, पार बेंबीपासून.

आत्याबाईचा घास थांबला. "खोकला हाय?"

एरवी घरात गावाकडचंच बोलणारी वत्सला त्या दिवशी कॉलेजातलं शुद्ध बोलली. "जुनाच आहे, आत्याबाई. तुम्हीच ओळखला होता. ताट ओळखलंत का? तुमच्याच घरचं आहे. मी रोज ह्यातच जेवते."

आत्याबाईनं काठावरचं नाव पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते नाव ती ओळखत होती. तिच्या तोंडचा रंग उतरला. "आगं, पन नागपंचमीला तर..."

"तेव्हा नव्हता. तुम्हीच सांगितलंत नव्हता म्हणून. त्याआधी होता, तेही तुम्हीच सांगितलंत. मी मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. आज मात्र खोकला आहे." आणि ती पुन्हा खोकली, या वेळी ताटाकडे तोंड करून. "बाहेर सांगायचं तर खुशाल सांगा. बायका विचारतील, मग मंडपात 'आजार नाही' म्हणून कशाला ओरडत होतात?"

आत्याबाईचा भाऊ आधी उठला. नवरा त्याच्या मागोमाग. आत्याबाई दारापर्यंत गेली आणि तिथंच थुंकत, पदरानं तोंड पुसत उभी राहिली. वत्सलेनं उरलेले पोहे काढून ठेवले, ताट धुतलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "हे राहिलं होतं तुमचं." बाजारातूनच जावं लागणार होतं तिला, ते ताट घेऊन. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून मोरीत बसले होते. भाऊ दार लावून आत आले. मग म्हणाले, "खरंच खोकला आहे का गं?" आणि लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांनाच हसू फुटलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

ती बी. ए. झाली आणि गावातल्याच मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. माझं लग्न होऊन मी लांब गेले. लग्नानंतर माझा व्यायाम पहिल्याच महिन्यात सुटला, हे सांगायला नको.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा मी माहेरी गेले होते. एका पहाटे पोरगं रडत होतं म्हणून त्याला कडेवर घेऊन भांगरवाडीकडे फिरायला निघाले. धुकं होतं. मागून पावलं वाजली. वत्सला, नऊवारी खोचलेली, केसात एखाददुसरी पांढरी बट, आणि तिच्यामागे शाळेतल्या पोरींची लांबलचक रांग, सगळ्या पळत. मला पाहून तिनं नुसता हात केला, थांबली नाही. रांग वखारीपाशी आली. ओट्यावर आत्याबाई बसली होती, बरीच वाळलेली, काठी शेजारी. वत्सलेचा वेग किंचित कमी झाला. ती खोकली. तिच्यामागची पोरगी खोकली. मग तिच्यामागची. एकेक करून रांगेतली प्रत्येक पोरगी त्या ओट्यासमोर खोकली आणि पुढे पळाली. आत्याबाई काठी चाचपत उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

सगळ्यात शेवटच्या चिमुरडीला मी थांबवलं. "का गं खोकलीस?"

"बाई म्हंत्यात, हितं खोकायचं आस्तंय," ती धापा टाकत म्हणाली. "छाती मोकळी हुती."

ती पळाली. मी बंद दाराकडे पाहिलं, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खोकले.